आपल्याकडचा बर्फ काळा असतो

चाकोरी : साप्ताहिक स्तंभ

पावसाळ्यात संध्याकाळ झाली की पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात गाडी वळवायला जागा उरत नाही. भोकरदन तालुक्यातल्या गावागावांतून हिरवी मिरची येते. काटा होतो, भाव ठरतो, आणि अंधार पडेपर्यंत गोण्यांच्या थप्प्या टेम्पो-पिकअपवर चढलेल्या असतात. नाकात ठसका, पायाखाली चिखल. त्या गर्दीत एका पिकअपवाल्यानं मला गाठलं.

“सर, तुम्ही गाड्यांवर लिहिता ना? पुतण्या जर्मनीत आहे, म्युनिकला. तिकडं म्हणे थंडीचे टायर वेगळे बसवतात. ते बसवले तर विमा कंपनीला कळवायचं का, असं तो परवा विचारत होता. अन् माझंबी एक विचारायचंय. मी या गाडीला मागं मोठे टायर टाकलेत, माल जास्त बसावा म्हणून. मला तर कुणीच काही विचारलं नाही.”

पुतण्याचं उत्तर सोपं आहे. सात अंश सेल्सियसच्या खाली पारा उतरला की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि त्याची पकड सुटते. थंडीच्या टायरचं रबर मऊ असतं आणि त्याची नक्षी बर्फ धरून ठेवते. म्हणून जर्मनीत २०१० च्या डिसेंबरपासून बर्फाळ, निसरड्या रस्त्यावर असे टायर सक्तीचे आहेत. १ ऑक्टोबर २०२४ नंतर ज्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह आहे, तेच टायर चालतात. नियम मोडला तर किमान ६० युरो दंड. गाडीच्या कागदपत्रांना मंजूर असलेल्या मापाचा टायर बसवला, तर पुतण्याच्या विम्याला धक्का लागत नाही. उलट बर्फात उन्हाळी टायरवर गाडी घातली आणि अपघात झाला, तर समोरच्याची भरपाई कंपनी देते, पण स्वतःच्या गाडीच्या भरपाईत घोर निष्काळजीपणाचं कारण देऊन कपात करू शकते. ब्रिटनमध्ये थंडीचे टायर बसवल्यावर कोणत्या कंपनीला कळवायचं आणि कोणत्या कंपनीला कळवायची गरज नाही, याची यादी विमा कंपन्यांची संघटनाच प्रसिद्ध करते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतानं तर १ जानेवारी २०१६ पासून असे टायर लावणाऱ्याला हप्त्यात सवलत देणं कंपन्यांना बंधनकारक केलं.

पुतण्याचा प्रश्न सुटला. काकांचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या हजारो गाड्यांचा आहे.

जालन्यात बर्फ पडत नाही. पण मिरचीचा तोडा आणि पाऊस एकाच वेळी येतात. ट्रॅक्टर शेतातून डांबरी रस्त्यावर चढतो, तेव्हा चाकांना चिकटलेली काळी माती रस्त्यावर सांडत जाते. वर एखादी सर आली की त्या पट्ट्याचा साबण होतो. ज्यानं अशा पट्ट्यावर भरल्या गाडीला ब्रेक लावलाय, त्याला बर्फ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आपल्याकडचा बर्फ काळा असतो, आणि तो जूनपासून दिवाळीच्या तोंडापर्यंत रस्त्यावर असतो. त्याला उत्तर म्हणून वेगळा टायर लागत नाही. लागतो तो योग्य मापाचा आणि खोल नक्षीचा टायर.

मी काकांच्या पिकअपजवळ वाकून बसलो. मागचे टायर खरंच मोठे, नवे, रुबाबदार. पुढच्या टायरवर अंगठा फिरवला, तर नक्षीची खाच बोटाला जेमतेम लागली. खाचेच्या तळाशी रबराचा एक छोटा आडवा उंचवटा असतो. तो टायर बनवतानाच ठेवलेला असतो, आणि त्याची उंची १.६ मिलिमीटर असते. भोवतालची नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली, की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही चारचाकीला १.६ आणि दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटर ही मर्यादा आहे. काकांच्या पुढच्या टायरचा उंचवटा नक्षीला टेकला होता. डाव्या टायरचा बाहेरचा कडेचा पट्टा तर पार गोटा झाला होता. खाचेचं काम पाणी बाजूला फेकण्याचं. खाच गेली की टायर पाण्याच्या थरावर तरंगतो, आणि स्टिअरिंग हातात असून गाडी हातात राहत नाही.

आता विम्याचं. एजंट ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, त्या कागदात दोन वेगळे करार असतात. एक समोरच्या माणसासाठी, दुसरा आपल्या गाडीसाठी. समोरच्याला, म्हणजे ‘थर्ड पार्टी’ला, भरपाई देण्यातून कंपनीला सुटका कशी मिळू शकते, याची यादी मोटार वाहन कायद्यातच आहे. परवाना नसलेला चालक, परमिटचा भंग अशी कारणं त्या यादीत आहेत. झिजलेला टायर त्यात नाही. म्हणून आपल्या टायरमुळे कुणाचं घर उघड्यावर पडायला नको, ही काळजी कायद्यानं घेतलेली आहे.

मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेलं एक प्रकरण पाहा. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका गाडीचा मागचा टायर फुटला, गाडी खड्ड्यात कोसळली आणि सहकाऱ्याच्या त्या गाडीत बसलेले ३८ वर्षांचे गृहस्थ गेले. २०१६ मध्ये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणानं त्यांच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. विमा कंपनी अपिलात गेली आणि म्हणाली, टायर फुटणं ही देवाची करणी आहे. २०२३ मध्ये न्यायालयानं ते अमान्य केलं. देवाची करणी म्हणजे माणसाच्या आवाक्याबाहेरची नैसर्गिक आपत्ती. टायर फुटतो तो वेगानं, कमी किंवा जास्त हवेनं, उष्णतेनं, जुन्या टायरमुळे. निघण्यापूर्वी टायर पाहणं हे चालकाचं काम आहे. ते केलं नाही तर तो माणसाचा निष्काळजीपणा. कुटुंबाची भरपाई कायम राहिली.

त्या कुटुंबासाठी हा निकाल न्यायाचा आहे. गाडीमालकानं मात्र तो दुसऱ्या बाजूनंही वाचावा. टायर फुटला म्हणजे नशीब फुटलं, हे वाक्य आपल्याकडे सर्रास बोललं जातं. न्यायालयानं ते वाक्य मोडीत काढलं आहे.

आपल्या गाडीच्या भरपाईत टायर थेट आडवा येतो. पॉलिसीच्या नेहमीच्या शब्दांत गाडी चांगल्या, चालण्याजोग्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली असते. झीज आणि मोडतोड यांची भरपाई मिळत नाही. खासगी कारचा नुसता टायर गेला तर काहीच मिळत नाही, आणि अपघातात गाडीबरोबर गेला तरी नव्या टायरच्या किमतीच्या निम्मेच मिळतात. मालवाहू गाडीचं त्याहून कडक आहे. तिथं टायर, ट्यूब, दिवे, बंपर, मडगार्ड, बॉनेट हे सगळं मूळ पॉलिसीतून वगळलेलं असतं, गाडी पूर्ण बाद झाली तरच त्याचा विचार होतो. हे भाग आत घ्यायचे तर ‘आयएमटी २३’ नावाची जोड घ्यावी लागते. २००२ च्या दरपत्रकात तिच्यासाठी आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर १५ टक्के जादा धरले होते. मी बाजारात उभ्या असलेल्या चार-पाच जणांना या जोडीबद्दल विचारलं. एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं.

मग काकांचे मोठे टायर? मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या अर्जात पुढच्या-मागच्या टायरचं माप लिहावं लागतं. कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाहून वेगळा बदल गाडीत करायचा नाही, असं कायद्याचं कलम ५२ सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठणकावून सांगितलं. मालकानं असा बदल केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मोठा टायर टाकून गाडीचं पासिंग वाढत नाही. ब्रेक तेच, आस तोच, चेसिस तीच. वर टायर उंच झाला की गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवतो.

पासिंग दीड टन आहे आणि गोणी चाळीस किलोची धरली, तर ३७ गोण्या बसतात. वर दहा चढवल्या की ३८० किलो जास्त. जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. अपघात झाला तर जादा भारासाठी कंपन्यांच्या वापरात असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आपल्या गाडीची भरपाई मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत खाली येते. ही तत्त्वं सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या अमलेंदु साहू प्रकरणात आधाराला घेतली. त्यातला दिलासा असा, की अट मोडली म्हणून कंपनीनं सरसकट शून्य रुपये देणं न्यायालयांना मान्य नाही. १९९६ च्या बी. व्ही. नागराजू प्रकरणात मालाच्या गाडीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं होती, पण अपघात त्यांच्यामुळे झाला नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं मालकाची भरपाई अडू दिली नाही. म्हणजे अट मोडली का, एवढं पाहून भागत नाही, त्यामुळेच अपघात झाला का, तेही पाहावं लागतं. ओल्या रस्त्यावर गोटा टायरनं घसरलेली गाडी या कसोटीवर कुठं उभी राहील, हे वाचकानंच ठरवावं.

माझी खरी तक्रार मात्र विमा कंपन्यांच्या पद्धतीबद्दल आहे. पॉलिसी घेताना वर्ष विचारतात, मॉडेल विचारतात, मागचा क्लेम विचारतात. टायर कुणी विचारत नाही. नूतनीकरण तर मोबाईलवर दोन मिनिटांत होतं. पण क्लेम टाकला की सर्व्हेयर खाली वाकतो आणि टायरचे फोटो काढतो. जी गोष्ट शेवटी इतकी महत्त्वाची ठरते, ती सुरुवातीला विचारायला काय हरकत आहे? नूतनीकरणाच्या वेळी चार टायरचे चार फोटो मागा. नक्षी खोल असेल तर हप्त्यात थोडी सूट द्या. झिजलेली असेल तर तेव्हाच कळवा, की अशा टायरवर भरपाई अडचणीत येईल. ओंटारियोत बर्फासाठी जे झालं, ते आपल्याकडे पावसासाठी का होऊ नये? समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो आणि त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तिथं झिजलेला टायर घेऊन चढणारी गाडी ही कंपनीच्या खात्यावरची जोखीम आहे, तशीच शेजारून जाणाऱ्या कुटुंबाचीही.

कंपन्या बदलतील तेव्हा बदलतील. तोवर आपण आपलं करावं. टायरच्या कडेवरचा मजकूर एकदा निवांत वाचा. माप असतं, भाराचा आकडा असतो. भाराचा आकडा १०० म्हणजे तो एक टायर ८०० किलो पेलतो. शेवटी चार आकडी संख्या असते. ‘२३२४’ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. त्याच मापाचा, तेवढ्याच किंवा जास्त भाराचा टायर दुसऱ्या कंपनीचा घेतलात, तर विम्याला काही होत नाही. बिल जपून ठेवा. माप बदलत असेल तर आधी जालन्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. एजंटचं “काही होत नाही हो” हे उत्तर क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. कंपनीनं अन्यायानं भरपाई नाकारली, तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार दोन वर्षांपर्यंत उघडं असतं.

हे सगळं मी काकांना बाजारातच सांगितलं. ते गप्प झाले. मग स्वतःचा अंगठा पुढच्या टायरवर फिरवून म्हणाले, “सर, आज रात्री संभाजीनगरची फेरी आहे. येऊन उद्या टायर टाकतो.”

मी म्हटलं, “काका, टायर टाकून मग जा.”

गोण्या अर्ध्या चढल्या होत्या. त्यांनी एक-दोन फोन केले, आणि थोड्या वेळानं दुसरी पिकअप मागं येऊन लागली. गोण्या तिकडे गेल्या, भाडंही तिकडे गेलं. दोन दिवसांनी त्यांनी मला फोटो पाठवला. पुढं दोन नवे टायर, मागं मूळ मापाचे. खाली लिहिलं होतं, “बिल जपून ठेवलंय. एजंटला पन पाठवू का?”

मी उत्तर दिलं, “पाठवा. आणि मिळालं म्हणून लिहून मागा.”