न हंसणारा गुरु

हळदीच्या दिवसांत हिंगोलीच्या बाजारांत तासभर हिंडलें कीं अंगावरचे पांढरे कपडे पिवळसर होऊन घरीं येतात. गेल्या वैशाखांत वर्षाची हळद घेण्यास आम्ही तिकडे गेलों असतां एका दुकानदारानें लगबगीनें उठून नमस्कार केला. तो आमचा जुना विद्यार्थी. आम्हीं त्यास ओळखिलें. आणि खरें सांगावयाचें तर ओळख पटतांच आम्हांस थोडें अवघडल्यासारखें झालें. त्याचें कारण पुढें सांगूं.

दुकानाच्या मागील भागांत, पोत्यांच्या थप्पीवर बसून, त्याचा आठवींतला मुलगा मोबाइलशीं इंग्रजींत बोलत होता. मुलानें एक वाक्य म्हणावें, यंत्रानें तें ऐकावें, चुकलेला शब्द नीट उच्चारून दाखवावा, आणि मुलानें तो पुन्हां म्हणावा, असा क्रम चालला होता. एक शब्द तर त्यानें आमच्या देखत सात वेळां म्हटला. सातव्या वेळींही यंत्राचा स्वर पहिल्या वेळेइतकाच शांत! आम्ही कौतुकानें पाहत आहों असें दिसतांच बाप म्हणाला, "गुरुजी, याचं एक बरं आहे. हे हसत नाही."

तो सहज बोलला असेल. परंतु बाण वर्मीं लागला. पस्तीस वर्षांपूर्वीं हा मुलगा सेनगांवकडील एका खेड्यांतून आमच्या वर्गांत आला. आमचा विषय संस्कृत. पण इंग्रजीचे शिक्षक रजेवर असल्यामुळें त्या दिवशीं पांचवीचा तो तास आमच्याकडे होता. मुलानें 'स्कूल' हा शब्द 'इस्कूल' असा वाचला. वर्ग हंसला. त्या हंसण्यांत आम्हीही सामील झालों. त्यानंतर त्या मुलानें वर्गांत इंग्रजी कधींही मोठ्यानें वाचलें नाहीं. दहावीला त्याचा तोच विषय राहिला, आणि तो दुकानावर बसला.

यांतील शरमेची गोष्ट अशी कीं संस्कृत 'स्त्री' शब्दाचें प्राकृतांत 'इत्थी' होतें, हें आम्हांस पाठ होतें. आरंभींचें जोडाक्षर जिभेला जड जातें, म्हणून ती पुढें एक 'इ' ठेवून पायरी करून घेते. प्राकृत बोलणाऱ्या थोरांच्या जिभेनें जें केलें तेंच त्या पोराच्या जिभेनें केलें. हें समजावून सांगण्याची संधि आमच्यापुढें चालून आली असतां आम्ही हंसलों.

आमच्या भागांत इंग्रजीची वाट पूर्वींपासून अवघडच. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. घरीं मराठी, वरच्या शिक्षणांत उर्दू, आणि इंग्रजी त्याच्याही पलीकडे, असा आमच्या वडीलधाऱ्यांचा क्रम होता. आमच्या नोकरीच्या आरंभीं इंग्रजी पांचवींत सुरू होई. २००० सालच्या जूनपासून तें राज्यांतील मराठी शाळांत पहिलीपासून सुरू झालें. परंतु शिकविणाऱ्यांनींही तें बहुधा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून, म्हणजे डोळ्यांनीं शिकलेलें, कानांनीं नव्हे. बोलणारें माणूस आसपास नसे. त्यामुळें पानभर उतारा बिनचूक भाषांतरित करणारा विद्यार्थी स्टेशनावर चार वाक्यें बोलण्याची वेळ आली म्हणजे मुका होई.

वस्तुतः आपली परंपरा याच्या अगदीं उलट आहे. वेदांगांत 'शिक्षा' म्हणजे उच्चारशास्त्र हें एक स्वतंत्र अंग मानिलें आहे. 'इन्द्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकला, आणि इंद्राला मारणारा जन्मण्याऐवजीं इंद्राच्या हातून मरणारा जन्मला, ही कथा आमच्या वाचकांनीं ऐकिलेली असेलच. इंग्रजींतही तोच न्याय आहे. 'प्रेझेंट' या शब्दाच्या पहिल्या अवयवावर जोर दिला तर भेटवस्तु, दुसऱ्यावर दिला तर सादर करणें. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. आपल्या बोलण्यांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पुसट झाला आहे. पण 'दिन' आणि 'दीन' यांतील अंतर ज्यानें संस्कृतांत जाणलें, त्यास हा भेद कठीण वाटूं नये. मात्र तो ऐकावा लागतो. पुस्तक ऐकवीत नाहीं.

ही कानाची उणीव आतां भरून निघत आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड जोडून पानावरचा धडा मुलांच्या कानांपर्यंत नेला. २०२० सालीं त्यांस 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार मिळाला. २०१७ सालीं केंद्र सरकारचें 'दीक्षा' सुरू झालें. २०१९ सालीं गुगलनें 'बोलो' नांवाचें वाचनाचें साधन काढिलें. त्यांत मूल मोठ्यानें वाची, आणि अडलेला शब्द साधन उच्चारून दाखवी. पुढें २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें शाळा बंद पडल्या, आणि जो मोबाइल मुलांच्या हातीं देऊं नये असें आम्ही म्हणत होतों, तोच त्यांची शाळा झाला.

याहून साधी युक्ति त्या दुकानांतील मुलानें आम्हांस दाखविली. मोबाइलच्या कळफलकावर ध्वनिग्राहकाचें लहान चित्र असतें. भाषा इंग्रजी निवडून तें दाबावें व बोलावें; बोललेलें अक्षरांत उमटतें. जहाज म्हणावयास जावें आणि मेंढी उमटावी! यांत एक खुबी मात्र ध्यानांत ठेवावी. संपूर्ण वाक्य बोललें तर यंत्र मागच्यापुढच्या शब्दांवरून तर्क करून चूक पोटांत घालतें. म्हणून उच्चार तपासावयाचा तर एक एक सुटा शब्दच बोलावा.

येथवर यंत्राची स्तुति झाली. आतां दुसरी बाजू. आमची नववींतली नात परवां मुख्याध्यापकांस लिहिलेला इंग्रजी अर्ज घेऊन आली. अर्ज इतका निर्दोष कीं आम्हांस संशय आला. त्यांतील एका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला, ती गप्प. दुसऱ्यावर ठेविलें, तीच अवस्था. अखेर म्हणाली, "आजोबा, मी मराठीत सांगितलं, त्यानं लिहून दिलं." २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी आल्यापासून असे अर्ज, निबंध व पत्रें क्षणांत सिद्ध होतात. मुलीचा हेतु वाईट नव्हता. चूक होऊं नये, एवढेंच तिला पाहिजे होतें.

पण चूक हें तर विद्यार्थ्याचें भांडवल! इंग्रजींतील 'अ' आणि 'द' हीं उपपदें मराठींत नाहींत. क्रियापद आपल्याकडे शेवटीं येतें, तिकडे मध्यें. आपले विभक्तिप्रत्यय नामाच्या मागें लागतात, त्यांचीं शब्दयोगी अव्ययें पुढें बसतात. या तीन ठिकाणीं मराठी मुलानें पडावें, उठावें, पुन्हां पडावें, तेव्हां कोठें त्याचें पाऊल स्थिर होतें. त्याच्याऐवजीं दुसराच चालूं लागला तर त्याचे पाय कसे बळकट होणार? जें यंत्र हंसत नाहीं, तें होऊन "हें तुला समजलें काय?" असें विचारीतही नाहीं. तो प्रश्न घरांतील माणसानेंच विचारावयाचा असतो.

म्हणून आम्हीं आमच्या घरीं एक मर्यादा घातली आहे. कान आणि तोंड यंत्रापाशीं न्यावें. हात मात्र मुलाचाच असावा. अर्ज आधीं वहींत, स्वतःच्या हातानें, चुका होतील त्या होऊं देऊन लिहावा. मग तो यंत्रास दाखवावा. आणि 'नवा लिहून दे' असें न सांगतां 'चुका दाखव व कारण सांग' असें सांगावें. ज्या चुका दाखविल्या त्या वहींत टिपाव्या व आठ दिवसांनीं पुन्हां पाहाव्या. आणि हें सर्व माजघरांत, चार माणसांत व्हावें. खोलीचें दार लावून नव्हे.

चार माणसांत म्हणण्याचें कारण आहे. भाषा शेवटीं माणसांत बसूनच मुरते. हिंगोलीजवळचें नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून आम्ही वंदितों. तेथल्या नामदेवांचीं एकसष्ट पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आहेत, आणि पंजाबांतील घुमान त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. परमुलखांत हा शिंपी लोकांत बसला, त्यांचें ऐकलें, त्यांच्याशीं बोलला. म्हणून त्यांचा झाला. यंत्र ही तालीम आहे, आखाडा माणसांचाच.

परंतु माणसांत बसावयाचें तर माणसांनीं हंसूं नये, ही अट आहे. एकत्र कुटुंबांत एक भावंड इंग्रजी शाळेंत जातें, दुसरें मराठी शाळेंत. जेवतांना एकाचा उच्चार चुकतो, दुसरें खुदकन् हंसतें, आणि आपण वडील माणसें तें कौतुकानें पाहतों. त्या पंगतींत एखाद्या मुलाचें तोंड कायमचें मिटलें जात असेल, हें आपल्या ध्यानींही येत नाहीं. आमच्या ध्यानीं तें यावयास पस्तीस वर्षें लागलीं.

त्या दिवशीं दुकानांतून निघतांना आम्हीं त्या गृहस्थांस 'इत्थी' शब्दाची हकीकत सांगितली, आणि त्या तासाबद्दल चूक कबूल केली. ते क्षणभर कांहींच बोलले नाहींत. मग मुलास हांक मारून म्हणाले, "बाळा, आण रे तो मोबाइल. गुरुजींसमोर मीपण एकदा वाचून बघतो."

त्यांनीं वाचलें. शब्द अडखळत होते. यंत्र शांतपणें ऐकत होतें. आणि या वेळीं आम्हीही.