पुडिंग म्हणजे नेमके काय?

लंडनमधील १६६६ सालची भीषण आग एका बेकरीतून पसरली. ती बेकरी ज्या गल्लीत होती, तिचे नाव पुडिंग लेन. बेकरीच्या गोड पदार्थावरून हे नाव पडले असेल, असे कुणालाही वाटेल. पण तिथले ‘पुडिंग’ म्हणजे कापलेल्या जनावरांची आतडी. खाटीक ती त्या वाटेने थेम्स नदीकडे नेत.

जुन्या इंग्लंडमध्ये आतड्यात मांस, चरबी किंवा रक्त भरून शिजवलेल्या पदार्थाला पुडिंग म्हणत. पुढे आतड्याऐवजी कापडात बांधून शिजवण्याची रीत आली आणि हा शब्द हळूहळू गोडाकडे झुकला. जुना अर्थ मात्र पुसला गेला नाही. ब्लॅक पुडिंग आजही बहुधा डुकराच्या रक्तापासून करतात. यॉर्कशायर पुडिंग म्हणजे मैदा, अंडी आणि दुधाची फुगलेली वाटी. ती भाजलेल्या मांसासोबत वाढतात. ख्रिसमस पुडिंगमध्ये परंपरेने गुरांची चरबी असते. शिवाय जेवणानंतरच्या कोणत्याही गोड पदार्थालाही ब्रिटनमध्ये पुडिंगच म्हणतात. शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या शाकाहारी मुलांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आपल्याकडे पुडिंग गोडच असते, पण गोंधळ इथेही आहे. कॅरॅमल पुडिंग अंड्यामुळे घट्ट होते; उष्णतेने अंड्यातील प्रथिने गोठतात. कस्टर्ड पावडरचे पुडिंग घट्ट होते ते मक्याच्या स्टार्चमुळे. त्याचे कण गरम दुधात फुगतात. ही बिनअंड्याची पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नव्हते. काही पुडिंगांत चायना ग्रास असते, ते समुद्री शेवाळापासून मिळते. काहींत जिलेटिन असते, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते.

वाटीत हे सारे जवळपास सारखेच दिसते. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी मात्र फरक मोठा आहे. चुकीच्या वाटीतला एक चमचा पोटात गेला, तरी अंगावर गांधी उठू शकतात, ओठ सुजू शकतात, क्वचित श्वासही कोंडू शकतो. दुधाची ॲलर्जी असेल, तर बिनअंड्याचे पुडिंगही चालत नाही. ‘हलके’ म्हणून मधुमेही आजोबांपुढे ठेवलेल्या वाटीत साखर असतेच.

पाकिटबंद पदार्थांवर घटक, शाकाहारी-मांसाहारी खूण आणि ॲलर्जीकारक घटकांची सूचना छापणे बंधनकारक आहे. लग्नाच्या बुफेत मात्र बहुतेक वेळा एकच पाटी असते: ‘पुडिंग’. त्या पाटीवर ‘अंडे आहे’, ‘जिलेटिन आहे’ एवढे लिहायला केटररला काहीच खर्च येत नाही. यजमानांनी तसा आग्रह धरावा आणि पाहुण्यांनीही विचारायला संकोचू नये. पुडिंग हे पदार्थाचे नाव आहे. त्यात काय घातले आहे, ते या नावावरून कधीच कळत नाही.