दंड कोणाचा, दाद कोणाची?

घरी चोरी व्हावी, चोर सापडावा, खटला वर्षानुवर्षे चालावा, शेवटी झालेला दंड सरकारजमा व्हावा आणि ज्याचे घर लुटले गेले त्याने साक्ष देऊन रिकाम्या हातांनी परतावे, या व्यवस्थेला न्याय म्हणणे ज्यांना जड जाते त्यांत अमेरिकेतील व्यक्तिस्वातंत्र्यवादी पंडित अग्रभागी आहेत. अपराध घडतो तो व्यक्तीचा, राज्याचा नव्हे, म्हणून भरपाई हेच फौजदारी न्यायाचे अधिष्ठान असावे, असे रँडी बार्नेट यांनी १९७७ मध्ये प्रतिपादिले. मरे रॉथबर्ड यांनी तर, चोराने चोरलेले परत करून वर तेवढेच आणखी द्यावे, असे मापही घालून दिले. या आक्षेपाचा गाभा मला निःशंकपणे मान्य आहे.

मान्य नाही ते पुढचे पाऊल: न्यायासने आणि शिपाईही मोबदला घेणाऱ्या खाजगी पेढ्यांकडे सोपवावेत, हे. (त्यांच्याच पंथातील रॉबर्ट नोझिक यांना किमान राज्य आवश्यक वाटले, हे विसरता येत नाही.) खाजगी न्यायाच्या समर्थनार्थ डेव्हिड फ्रीडमन मध्ययुगीन आइसलंडचा दाखला देतात. तेथे ९३० च्या सुमारास आल्थिंग ही सभा स्थापन झाली. कायदा होता, निवाडे होत, परंतु त्यांची बजावणी करणारा सरकारी अंमलदार नव्हता, आणि दुर्बळास आपला भरपाईचा दावा बलिष्ठाच्या स्वाधीन करता येई. फ्रीडमन यांना यात दुर्बळाचे संरक्षण दिसते. मला दिसते ती त्याची अगतिकता, कारण ज्याच्या दाव्याला घेणारा मिळाला नाही त्याने कोणाचे दार ठोठवावे? ही व्यवस्था तीन शतके टिकली हे खरे. पण तेराव्या शतकात सरदारक्या मूठभर घराण्यांच्या हाती एकवटल्या, यादवी माजली आणि १२६२ पासून आइसलंडच्या लोकांनी नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व पत्करले.

भरपाई आणि राज्यसत्ता यांत विरोध आहे, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे. चोरीस गेलेले द्रव्य राजाने प्रजाजनास द्यावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. ते हाती न लागल्यास राजकोशातून द्यावे, असे गौतमधर्मसूत्र म्हणते. येथे रक्षण हे राजाचे ऋण आहे, आणि ते खाजगी पेढीची वर्गणी न भरणाऱ्याचेही आहे. आपल्याकडे २००८ च्या दुरुस्तीने तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ हे कलम घातले आणि गुन्हेगाराचा माग न लागला तरी पीडितास भरपाई मागण्याची वाट मोकळी झाली. हीच वाट रुंद केली पाहिजे: पीडिताचे देणे चुकते होईपर्यंत दंडाचा एक पैसाही खजिन्यात जाऊ नये, आणि मारेकरी कफल्लक निघाला तर मृताच्या विधवेने सरकारी कचेरीत जावे ते याचक म्हणून नव्हे, धनको म्हणून.