न्याय ट्रेंटनमध्येही होतो



यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘न्याय’ ठरला, तेव्हा सणासुदीला कोर्टकचेऱ्या कशाला, असं काही स्नेह्यांनी विचारलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही शिकवण आपण सगळेच घेऊन इथे आलो. पण न्यू जर्सीत संसार थाटलेल्या माणसाला ती पुरत नाही. इथलं कोर्ट आपल्या घराचा, मुलांच्या शाळेचा, म्हाताऱ्या आईवडिलांच्या इच्छापत्राचा निर्णय करतं. कधी तर आपल्यालाच न्याय करायला बोलावतं.

भारतात तालुक्याच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच उतरंड असते. कायदा संसदेचा असो की विधानसभेचा, खटला त्याच कोर्टांत चालतो. अमेरिकेत राज्याची कोर्टं वेगळी आणि संघराज्याची, म्हणजे फेडरल कोर्टं वेगळी. दोन्ही एकाच शहरात, कधी हाकेच्या अंतरावर असतात. पण त्यांचे न्यायाधीश, नियम आणि अधिकार निराळे.

न्यू जर्सीत सगळ्यात जवळचं ते म्युनिसिपल कोर्ट. वेगमर्यादा ओलांडली, सिग्नल तोडला, किरकोळ मारामारी झाली, की तिथे उभं राहावं लागतं. त्याच्या वर 21 काउंट्यांमध्ये काम करणारं सुपीरिअर कोर्ट. गंभीर गुन्हे, दिवाणी दावे, घटस्फोट, मुलांचा ताबा, वारसाहक्क हे सारं त्याच्याकडे. घरमालकाने डिपॉझिट अडवून ठेवलं, तर 5,000 डॉलरपर्यंतचा दावा तिथल्या ‘स्मॉल क्लेम्स’मध्ये वकिलाशिवाय लावता येतो. घरात मारहाण होत असेल, तर व्हिसा कुठलाही असो, संरक्षणाचा आदेश मागता येतो. इंग्रजी अवघड जात असेल, तर दुभाषा मागावा. त्याचे पैसे पडत नाहीत. सुपीरिअर कोर्टाच्या निकालावर अपील विभाग, आणि शेवटी ट्रेंटनमधलं सात न्यायमूर्तींचं राज्याचं सुप्रीम कोर्ट.

ही सुटसुटीत रचना न्यू जर्सी राज्याच्या स्वतःच्या 1947च्या घटनेने दिली. त्याआधी कायद्याचं कोर्ट वेगळं, ‘चान्सरी’चं, म्हणजे समन्यायाचं (इक्विटी) वेगळं, एकाच भांडणासाठी माणसाला दोन दारं ठोठावावी लागत. वकील आर्थर वँडरबिल्ट यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं झुंज दिली आणि नव्या घटनेखालचे पहिले सरन्यायाधीशही तेच झाले.

फेडरल जिल्हा कोर्ट नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला बसतं. तिथे संघराज्याच्या कायद्यांचे खटले चालतात. तसेच वेगवेगळ्या राज्यांतल्या नागरिकांमधले 75,000 डॉलरच्या वरचे दावेही. त्यावरचं अपील फिलाडेल्फियाला आणि मग वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात. आपल्यातल्या अनेकांना धास्ती असते ती इमिग्रेशन कोर्टाची. ते मात्र राज्याच्या किंवा फेडरल न्यायव्यवस्थेत मोडत नाही. ते केंद्र सरकारच्या न्याय खात्याचा भाग आहे आणि तिथे सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. हे आधीच माहीत असलं, तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

टीव्हीवर दिसतं ते वॉशिंग्टन. म्हणून सगळं तिथेच ठरतं, असा आपला समज होतो. पण 1973चा वसंत आठवून पाहावा. मार्चमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या खटल्यात निकाल दिला की, शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. श्रीमंत आणि गरीब भागांतल्या शाळांच्या पैशांतली तफावत त्या घटनेचा भंग करत नाही. पंधरवडाही उलटला नाही, तोच ट्रेंटनच्या कोर्टाने ‘रॉबिन्सन विरुद्ध केहिल’ खटल्यात राज्याची शाळांना पैसे देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. आधार होता न्यू जर्सीच्या स्वतःच्या घटनेचा. मुलांना परिपूर्ण आणि कार्यक्षम मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी ती राज्यावर टाकते. पुढे ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’ खटल्यांतून गरीब वस्त्यांमधल्या शाळांना मोठा निधी मिळाला. 1975मध्ये याच कोर्टाच्या माउंट लॉरेल खटल्यातल्या निकालाने गावांना बजावलं की, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीही घरांना जागा ठेवा. राज्याच्या घटनेचा अर्थ लावण्यात ट्रेंटनचा शब्द अखेरचा. ज्या शाळांसाठी आपण हे राज्य निवडलं, त्यांच्या भविष्याचा मोठा भाग तिथे ठरतो.

मग ट्रेंटनचे न्यायमूर्ती येतात कुठून? गव्हर्नर नाव सुचवतो, राज्याचं सिनेट मंजुरी देतं. पहिली नेमणूक सात वर्षांची; पुन्हा नेमले गेले, तर वयाच्या सत्तरीपर्यंत. हा गव्हर्नर आणि हे सिनेट आपल्याच मतांवर येतात. पण ती निवडणूक विषम वर्षी होते आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला रांग लावणारे आपण त्या वर्षी घरी बसतो. ही उदासीनता आपल्याला परवडणारी नाही.

शेवटी ज्युरीबद्दल, म्हणजे निवाडा करायला बसवलेल्या सामान्य नागरिकांबद्दल. ज्युरीसमोर चाललेल्या नानावटी खटल्याची कथा आपण आवडीने सांगतो; भारतातल्या फौजदारी खटल्यांतून ज्युरी पुढे नाहीशी झाली. इथे ती न्यायाचा कणा आहे. तिची यादी मतदारांबरोबरच वाहन परवाने आणि राज्याच्या कर विवरणपत्रांवरूनही बनते. म्हणून नागरिक नसलेल्यालाही समन्स येतं. तो कागद केराच्या टोपलीत टाकू नये आणि घाबरूही नये. ‘नागरिक आहात का?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं, एवढंच. पण जे नागरिक झाले आहेत, त्यांनी टाळण्याच्या युक्त्या एकमेकांना सांगणं थांबवावं. आपल्यातल्या कुणावर खटला चालला, तर ज्युरीच्या बाकावर आपल्यासारखं कुणीतरी असावं असं वाटतं ना? मग त्या बाकावर आधी आपण जाऊन बसलं पाहिजे.

या अंकातले लेख ही न्यायव्यवस्था आपली वाटावी, याच हेतूने मागवले आहेत. फराळ करताना वाचा, मुलांना वाचून दाखवा, त्यांच्याशी वाद घाला.  

— संपादक