हाताला नाव हवे

यंदाच्या पालक-शिक्षक सभेत आम्ही एक प्रस्ताव मांडला. शाळेत काष्ठशिल्पाचे, म्हणजेच लाकडावरील कोरीव कामाचे मंडळ सुरू करावे. मुलामुलींनी आठवड्यातून दोन तास त्यात काम करावे आणि वर्षातून एकदा त्यांच्या कृतींचे प्रदर्शन निर्मळ गावात भरवावे. आम्हांला टाळ्यांची अपेक्षा होती. मिळाला तो प्रश्न. मागच्या रांगेतील एक पालक उठून म्हणाले, "गुरुजी, हातातली हत्यारे सुटावीत म्हणून आम्ही पोरांना वसतिगृहात धाडले. तुम्ही पुन्हा हत्यारच देणार का?" त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. ते या स्मरणिकेतून देण्याचा हा प्रयत्न.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की त्या पालकांच्या प्रश्नामागे इतिहास आहे. 1953 साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलांनी तीन तास शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात आईबापांचा धंदा शिकावा, असे तिचे स्वरूप होते. चांभाराच्या मुलाने चांभारच राहावे, हा तिचा अर्थ पेरियारांनी ओळखला. प्रखर विरोधानंतर 1954 साली कामराज यांच्या काळात ती रद्द झाली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर 1936 सालीच 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिले होते की, जात ही केवळ श्रमाची वाटणी नसून श्रमिकांची जन्माने केलेली विभागणी आहे. तेव्हा हस्तकौशल्याच्या नावाखाली जन्माचा धंदा मागच्या दाराने परत येत असेल, तर त्याला सर्वांत आधी आमचाच विरोध राहील.

परंतु हीन काय होते? कौशल्य, की ते जन्माने लादणारी व्यवस्था? इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही वाचकांना शेजारच्या सोपाऱ्यास नेऊ इच्छितो. तेथील स्तूपाच्या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बांबू विणणाऱ्या बुरुडाला लोकस्मृतीने राजा केले होते! 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले. तेव्हा दगडी पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक बसवलेले करंडक सापडले. याच नगरीत तथागतांसाठी चंदनाच्या लाकडाचा प्रासाद उभारल्याची कथा पूर्णावदानात येते. कथा ती कथा. पण लाकूडकामाला तिने दिलेले स्थान लक्षात घेण्यासारखे आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात तर पुरावा डोळ्यांसमोर आहे. छताच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. तेथील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्षूच्या दानाचा लेख आहे. आणि प्रवेशद्वाराजवळच्या लेखात, ते द्वार धेनुकाकटच्या वेणुवासाचा पुत्र सामी याने केले, असे कोरले आहे. सामी हा 'वढकि', म्हणजे सुतार होता. भिक्षूचे नाव जसे कोरले गेले, तसेच सुताराचेही. पुढे जातिव्यवस्थेने कारागिराचे कौशल्य ठेवून घेतले आणि नाव पुसले. आपल्या वसईतील जुन्या चर्चमधल्या कोरीव लाकडी वेद्या पाहा. त्या कोणत्या हातांनी घडवल्या, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

कौशल्य जन्मापासून सोडवता येते, याचे उदाहरण बाहेरच्या जगात आहे. फिनलंडने 1866 सालीच लोकशाळांत हस्तकला अभ्यासक्रमात आणली. स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी लाकूडकाम शिकवणाऱ्या शिक्षकांची पिढी घडवली. सुतार तयार करणे हा त्यांचा हेतू नव्हता. डोळा, हात आणि बुद्धी यांचा मेळ घालणे, हा होता. शिवणीच्या लाकडावर पटाशी धरलेल्या मुलाला हे लगेच कळते. रेषेविरुद्ध हात चालवला की ढलपी उडते आणि पान तुटते. तेथे पाठांतर कामी येत नाही आणि पाटलाचा मुलगा म्हणून लाकूड सवलतही देत नाही.

म्हणून आमचा प्रस्ताव तीन अटींसह आहे. पहिली, मंडळ सर्वांसाठी खुले असेल. आडनाव पाहून कोणास बसवू नये, मुलगी म्हणून कोणास वगळू नये. दुसरी, गणित, इंग्रजी वा विज्ञानाच्या तासिकेतून एक मिनिटही घेऊ नये. तिसरी, प्रदर्शनातील प्रत्येक कृतीखाली ती करणाऱ्याचे पूर्ण नाव असावे आणि ती स्वतः त्या विद्यार्थ्यानेच केलेली असावी. पाहुण्यांना दाखवण्यासाठी शिक्षकांनी हात फिरवून सुबक केलेल्या कामापेक्षा वाकडे, पण स्वतःचे कमळ आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

प्रदर्शन कार्तिकातील निर्मळच्या जत्रेच्या दिवसांत भरवावे, असे आम्ही सुचवतो. जत्रेमागची श्रद्धा ज्याची त्याची. पण त्या दिवसांत अवघा तालुका आपल्या गावात येतो आणि आपली मुले काय करू शकतात, हे त्या सर्वांनी पाहावे.

जवळच्या भुईगावात 1956 साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. निरर्थक विधींपेक्षा दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन हेच खरे मंगल, असे तो लेख सांगतो. ज्या वर्षी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी आपल्या मातीतून हा संदेश वर आला. राबणाऱ्या हाताचा मान आपण दुसऱ्या कोणाकडून शिकण्याची गरज नाही.

सभेत प्रश्न विचारणाऱ्या पालकांना आमचे उत्तर एवढेच आहे : आपल्या मुलाच्या हाती हत्यार द्यायचे की नाही, हे आता जात ठरवणार नाही, तो स्वतः ठरवील. त्याने ते घेतले तर त्याच्या कामाखाली त्याचे नाव असेल. माजी विद्यार्थ्यांपैकी जे लाकूडकाम जाणतात, त्यांनी आठवड्यातील दोन तास शाळेला द्यावेत, ही नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!