रात्रीची लेन्स आणि वुजूचं पाणी

आमच्या थोरलीचा नंबर दोन वर्षांत उणे दीडवरून उणे तीनवर गेला. ती सातवीत आहे. दादीचं म्हणणं, "तिचा मोबाइल बंद करा." फुफूचं वेगळंच, "आत्ताच जाड भिंगं लागली तर पुढे स्थळं कशी येणार?" पोरगी शेजारीच बसून सगळं ऐकत होती. त्याच आठवड्यात आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी रात्री लावायच्या लेन्सची माहिती दिली. या उपायाला ऑर्थोकेरॅटॉलॉजी म्हणतात. लेन्स कडक असते, पण तिच्यातून डोळ्याला प्राणवायू मिळतो. झोपताना लावायची, सकाळी काढायची. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, रात्रभरात मधोमध किंचित सपाट होतो आणि दिवसा चष्म्याशिवाय लांबचं दिसतं. अमेरिकेत २००२ साली अशा लेन्स रात्री वापरायला मंजुरी मिळाली. मुलांचा नंबर वाढतो तो बहुधा डोळा लांबट होत गेल्यानं. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात या लेन्समुळे दोन वर्षांत ही वाढ सुमारे ४३ टक्क्यांनी कमी दिसली. मात्र लेन्स बंद केली की कॉर्निया पूर्ववत होतो आणि नंबर परत येतो.

आम्ही हरखलो. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात पाणी कसं येतं?" सोलापूरकरांना हे काय विचारायचं! काही दिवसांआड येणारं पाणी पिंपात भरून ठेवायचं. ते म्हणाले, "नळाच्या किंवा साठवलेल्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. त्याचा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर नजर जाऊ शकते. लेन्सला पाण्याचा थेंबही नको. हात साबणानं धुवा, स्वच्छ कपड्यानं पूर्ण कोरडे करा. लेन्स तिच्या द्रावणातच धुवा."

मग आमच्या घरातला प्रश्न आला, वुजूचा. उत्तर सोपं निघालं. इशाची नमाज झाल्यावर चेहरा, हात कोरडे करून लेन्स लावायची. फजरला उठल्यावर आधी लेन्स काढायची, मग वुजू करायची. रमजानचं मात्र डॉक्टरांशी आधी बोलायला हवं. लेन्सला सात-आठ तासांची झोप लागते आणि सहरीला ती मोडते. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

घरी आल्यावर आम्ही थोरलीलाच विचारलं. ती म्हणाली, "मी रोज करीन. पण फुफू म्हणतात म्हणून नाही."

लेन्स अजून घेतलेली नाही. महिनाभर रोज रात्री हात धुऊन, कोरडे करून दाखवायचं आणि संध्याकाळी तासभर बाहेर खेळायचं, असं ठरलंय. आज नववा दिवस. काल हात ओढणीला पुसले, म्हणून तिनं स्वतःच पुन्हा धुतले.