‘भेटलं’ म्हटलं तर बिघडलं काय?

आमच्या हिवरखेडात कापसाले भाव भेटते, पोराले नोकरी भेटते. पुण्यातल्या ऑफिसात हेच बोललं की लगेच दुरुस्ती येते : “माणसं भेटतात, वस्तू मिळतात.”

मग इंग्रजीतल्या ‘गेट’चं काय? नोकरी मिळणं गेट, सर्दी होणं गेट, घरी पोचणं गेट, विनोद कळणं गेट, म्हातारं होणंही गेट. कोडमध्ये सर्व्हरकडून माहिती मागवायची, तीही ‘गेट’नेच. त्याला कुणी गावंढळ म्हणत नाही. उलट हे अर्थ पाठ करायला आपण क्लासची फी भरतो.

हिंदीतलं ‘मिलना’ दोस्तालाही चालतं, पगारालाही. १९०३ ते १९५६ वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांतासोबत नागपूरहून चालला. शेजारच्या हिंदीशी आमचं बोलणं जुळलं तर नवल काय? आणि प्रमाण मराठीत नदी समुद्राला ‘मिळते’, फितूर शत्रूला ‘मिळतो’. ते काय वस्तू आहेत?

एका क्रियापदानं दोन कामं केली तर इंग्रजीत ती श्रीमंती आणि वऱ्हाडीत अडाणीपणा, हा न्याय व्याकरणाचा नाही, रुबाबाचा आहे. या हसण्याला कंटाळून आमची पोरं ऑफिसात मराठीच बोलत नाहीत. मराठी वाचवायची असेल, तर आधी हे हसू आवरा.